उजवा कान आणि भंडाऱ्याचा ड्रम

एका जागी बसणं मला जन्मात जमलं नाही. माहेरी, धनजला, आई म्हणायची की ह्या पोरीच्या पायाला भिंगरी लावून देवाने पाठवलंय. लग्न होऊन मंगरूळपीरला आले, तर सासूबाईंनी चौथ्याच दिवशी शेजारणीला सांगितलं, "आमची सून जेवताना बी दोनदा उठते." म्हणून कानाच्या डॉक्टरीणबाई जेव्हा म्हणाल्या, "वीस दिवस अंथरुणावर, उशीला डोकं उंच, कामाला हात लावायचा नाही," तेव्हा मला हसूच आलं. त्या म्हणाल्या, "असं मोठ्याने हसायचंही नाही."

आमची पिठाची गिरणी आहे. घराची पुढची खोली म्हणजे गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. नवऱ्याची मालवाहू रिक्षा आहे, तो दिवसभर बाहेर. गिरणी मी चालवते, त्याला बावीस वर्षं झाली. दळण बारीक पडतंय की भरड, हे मी बोटांनी कमी आणि कानाने जास्त ओळखते. दगड बोथट झाला की आवाज जड होतो, मग छिन्नीने त्याला पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागतात. चिमटीत घेऊन पीठ चोळून बघणाऱ्या बायकांना मी आधीच सांगते, "घेऊन जा, बारीक आहे." आजवर कोणी परत आणलेलं नाही.

दुसरी एक गोष्ट माझी होती, ती म्हणजे डबा. आमच्या गल्लीत तीन गिरण्या आहेत. बाकी दोन ठिकाणी आपला डबा आपण उचलायचा आणि वरच्या पेटीत आपणच ओतायचा. माझ्या गिरणीवर गिऱ्हाईक दारात आलं की डोक्यावरचा डबा मी उतरवून घ्यायची आणि तसाच पुढे नेऊन पेटीत ओतायची. कोणाला हात लावू देत नसे. सासूबाईंनी सुरुवातीला सांगितलं होतं की डोक्यावर ओझं घेऊन दारात आलेल्या माणसाला तसंच उभं ठेवू नये, आणि मी ते असं काही मनावर घेतलं की पुढे पुढे त्याची मला चटकच लागली. "ह्या बाईच्या अंगात लय ताकद हाय," असं कोणी म्हटलं की दिवसभर छाती फुगलेली. खोटं कशाला बोलू, त्या कौतुकासाठीच मी उचलत होते.

श्रावणात मारुतीच्या भंडाऱ्याचं दळण आलं. दोन तरुण मोटारसायकलवर मधे ड्रम ठेवून घेऊन आले. निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यात चाळीस किलो गहू. ते म्हणाले, "काकू, जड हाय. आमी दोघं टाकतो." मी म्हटलं, "बाजूला व्हा." दोघं बाजूला झाले आणि बघत राहिले, म्हणून तर मला आणखी चेव आला. श्वास कोंडला, ड्रम मांडीवर घेतला, मांडीवरून छातीवर, आणि तिथून एका झटक्यात वर.

उजव्या कानात टक् झालं. ब्लाउजचं बटण तुटावं तेवढाच आवाज. गहू सगळा पेटीत पडला, एक दाणा सांडला नाही. मी ड्रम खाली ठेवला, मोटरचं बटण दाबलं आणि गिरणी सुरू झाली तशी जमीन माझ्या डाव्या बाजूला कलली. मी भिंत धरली. पोरांना वाटलं मी टेकून उभी आहे. ते दळण मी तसंच, एका हाताने भिंत धरून पूर्ण केलं. उजव्या कानात कुकर शिटीला येण्याआधी करतो तशी सूं सूं चालू होती आणि गिरणीचा आवाज एकाच बाजूने येत होता.

संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "काहून वो, भिंतीले धरून काहून चालून राह्यली?"

मी म्हटलं, "चक्कर येते."

"पित्त झालं तुले. सकाळपासून नुसता चहा ढोसून राह्यली."

लिंबू-पाणी झालं, सुंठ झाली. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की कानात काही ऐकू येत नाही, तर त्यांनी कमरेची तपकिरीची डबी काढली. सासूबाईंना तपकिरीची जुनी सवय, आणि घरात कोणाचं काहीही बिघडलं तरी औषध तेच. "कानात दडा बसला असन तुह्या. वढ चिमूटभर. चार शिंका आल्या का मोकळा होते." मी काम अर्धवट करणाऱ्यातली नाही. चिमूटभर सांगितली तर दोन चिमट्या ओढल्या. आठ-नऊ शिंका आल्या, एकाहून एक जोरदार. शेवटच्या शिंकेला अख्खं घर फिरलं आणि मी चुलीपाशी आडवी झाले, उलटी थांबेना. त्या रात्री नवऱ्याने रिक्षातल्या रिकाम्या पोत्यांवर गादी टाकून मला वाशिमला नेलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला करड्या. त्यांनी कानाशी छोट्या चिमट्यासारखी पट्टी वाजवली, डोळ्यांसमोर बोट फिरवलं, कान दाबून बघितला. दाबला तशी खोली फिरली. त्यांनी सगळं विचारून घेतलं, मग म्हणाल्या, "श्वास कोंडून जोर लावलात ना, तो जोर आत कानापर्यंत गेला. आतल्या कानाला एक अगदी पातळ पडदा असतो, तो फाटलाय. आतलं पाणी झिरपतंय. म्हणून ऐकू येत नाही, म्हणून चक्कर."

"शिंकांनी?" मी विचारलं.

"शिंकांनी आणखी फाटला असणार."

हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. नवऱ्यानेही सांगितलं नाही म्हणतो. पण त्या दिवसापासून त्यांनी माझ्यासमोर डबी उघडली नाही, आणि एकदा मी झोपले आहे असं समजून माझ्या पायाशी बराच वेळ बसून राहिल्या.

मनाईची यादी मोठी होती. उचलायचं नाही, वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, खोकला दाबायचा नाही, ओरडायचं नाही, आणि संडासला जोर द्यायचा नाही, त्यासाठी एक गोड औषध. नवरा शेजारी उभा राहून ते सगळं ऐकत होता, मला तर जमिनीत जावंसं वाटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पडदा आपला आपण भरून येतो, फक्त त्याला वीस दिवस स्वस्थ ठेवा. ऐकू येणं परत येईल की नाही ते या वीस दिवसांवर आहे.

म्हणजे माझा कान माझ्या स्वस्थ बसण्यावर होता. आता यावर काय बोलायचं?

पहिल्या दोन दिवसांत मी पडल्या पडल्या तीन किलो तूर डाळ निवडली. तिसऱ्या दिवशी निवडलेलीच पुन्हा निवडायला घेतली, तर सासूबाईंनी सूप ओढून नेलं. मग गोधडीचे दोरे ओढत बसले, सहा इंच शिवण उसवली. छताच्या पत्र्याला कुठे कुठे छिद्रं आहेत ते पाठ झालं. मोबाईल बघितला की डोळ्यांपुढे अक्षरं पोहायची. पाय अंथरुणातच चालत राहायचे. माणसाला वेड लागायला काही मोठं कारण लागत नाही, दुपारी दोन ते चार एवढा वेळही पुरतो.

आणि भिंतीपलीकडे गिरणी. नवरा सकाळी चार तास गिरणी चालवायचा आणि मग रिक्षा घेऊन जायचा. त्याने आयुष्यात गिरणी चालवली नव्हती. डाव्या कानाने मला सगळं ऐकू यायचं: दगड जास्त आवळलाय, पीठ तापणार. आता पेटी रिकामी झाली तरी मोटर चालूच. आता पट्टा घसरतोय. मी ओरडून सांगायला तोंड उघडायची आणि यादी आठवून मिटायची. सासूबाईंना निरोप्या केलं होतं. "त्याले सांगा, हँडल अर्धा फेरा सैल करा." सासूबाई जायच्या, यायच्या, "तो म्हनते, आराम कर." मला त्याचा गळा धरावासा वाटायचा, आणि वाईटही वाटायचं, कारण तो सकाळी पाचला उठून, दाढी न करता, पिठाने पांढरा होऊन माझंच काम करत होता.

पाचव्या दिवशी मी उजव्या कानाशी दोन बोटं एकमेकांवर घासली. रोज घासायची, रोज काही नाही. त्या दिवशी खरखर ऐकू आली. फार बारीक, पण आली. पुन्हा घासली, पुन्हा आली. मी सासूबाईंना हाक मारली, त्यांनी माझ्या कानाशी घड्याळ धरलं, आणि मला टिकटिक ऐकू आली. त्या रडल्या. मी म्हटलं, "रडू नका, मले हसू येते, अन् हसायची मनाई हाय." त्या दिवशी आमच्याकडे गूळ घालून शिरा झाला.

सहाव्या दिवशी सकाळी मी ते सगळं घालवलं.

भाद्रपद लागला होता. जैन घरांचे पर्युषणाचे दिवस. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या घरच्या काकी वर्षानुवर्षं आमच्याच गिरणीवर दळण आणतात, आणि त्या दिवसांत त्यांचं दळण पहिलं असतं. गिरणी आदल्या संध्याकाळी झाडायची, सकाळी मूठभर गहू दळून ते पीठ टाकून द्यायचं, ब्रशने पुन्हा झाडायचं, आणि मग त्यांचे धुऊन वाळवलेले गहू, दुसऱ्या कशाचा कण न लागता. हे मी नवऱ्याला सांगायला विसरले. अंथरुणात पडून डाळ दोनदा निवडली, पण हे डोक्यात आलं नाही. त्याने उजाडताच कोणाची तरी ज्वारी दळून टाकली.

मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. काकी म्हणत होत्या, "आदी ज्वारी पडली का यात? मंग नाई चालत भाऊ आमाले." आवाजात राग नव्हता, त्या नेहमी हळूच बोलतात. नवरा म्हणाला, "काकी, झाडून देतो ना." त्या म्हणाल्या, "राहू द्या. तिले बरं होऊ द्या. आज दुसरीकडे पाह्यतो."

दुसरीकडे. बावीस वर्षांत हा शब्द माझ्या गिरणीच्या दारात कोणी उच्चारला नव्हता. मी उठले. सासूबाई अंगणात होत्या. पदर खोचला, सरळ गिरणीत गेले, काकींना थांबा म्हटलं. ब्रश हिसकावला, पेटी झाडली, दगडांची फट झाडली, मूठभर गहू दळून पीठ गाईसाठी काढून ठेवलं, पुन्हा झाडलं. इथपर्यंत ठीक होतं. थोडी चक्कर आली, भिंत धरली. मग काकींचा डबा तिथे जमिनीवर होता, स्टीलचा, बारा-तेरा किलोचा. नवरा त्याच्याकडे वळलाच होता. दोन पावलांवर होता तो.

त्याची दोन पावलं होईपर्यंत मला थांबवेना. मी डबा उचलला.

"अवं, ठेव खाली!" तो ओरडला.

मी ओतला. टक् काही झालं नाही या वेळी. नुसतं उजवीकडचं सगळं बंद झालं, दार लावल्यासारखं, आणि मी काकींच्या अंगावर पडले. त्या बिचाऱ्या धुतलेल्या पातळात, पूजेहून आलेल्या, त्यांनी मला मांडीवर धरून ठेवलं. त्या म्हणत होत्या, "कायले उचलला वो माय, कायले उचलला? मी जात होती ना." हे मला डाव्या कानाने ऐकू आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. बरं होण्याची वाट बघण्यात अर्थ उरला नाही. अकोल्याला ऑपरेशन झालं. कानाजवळचा मांसाचा इवलासा तुकडा घेऊन आतल्या छिद्रावर ठिगळ लावलं. चक्कर गेली. ऐकू येणं आलं नाही. उजव्या कानाशी आता मी बोटं घासते तेव्हा मला बोटं कळतात, आवाज कळत नाही. नवऱ्याने एका शब्दाने बोल लावला नाही, आणि मला ते जास्त लागलं. त्याने भांडावं म्हणून मी दोनदा कुरापत काढली. तो म्हणाला, "जाऊ दे न. झालं ते झालं."

परत वाशिमला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "ठिगळ आहे, नवा पडदा नाही. दोन-तीन किलोच्या वर काही उचलायचं नाही, कायमचं. पुन्हा फाटलं तर चक्कर जन्माची सोबत करेल. मग गिरणीत उभं राहणं विसरा." मी त्यांना विचारलं, "मग मी गिरणीत काय करू?" त्या म्हणाल्या, "बटण दाबा."

दिवाळीनंतर गिरणी पुन्हा सुरू केली. उजव्या कानात कापसाचा बोळा, पुढ्यात स्टूल. गिऱ्हाईकांना सांगायला मला लाज वाटत होती. आठवडाभर आधीपासून मनात वाक्यं जुळवत होते. पहिला माणूस आला, मी म्हटलं, "दादा, मले उचलता येत नाही, तेवढा डबा—" त्याने वाक्य संपायच्या आत डबा पेटीत ओतला. दुसरी बाई आली, तिने ओतला. रांगेतल्या पोरांनी म्हाताऱ्यांचे ओतले. बावीस वर्षं मी जे माझ्यावाचून अडेल असं समजत होते, ते एका सकाळीत, कोणाच्याही कपाळावर आठी न येता, माझ्यावाचून चालू झालं. मला बरं वाटायला हवं होतं. मी दुपारी आत जाऊन भांडी आपटली.

आणि बसवत नव्हतंच. गिऱ्हाईकाने डबा उचलला की माझे हात आपोआप वर जायचे. मी ते मांडीखाली दाबून बसायची.

अशाच एका दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, आसेगावकडून एक म्हातारी आली. सत्तरीच्या पुढची, कमरेत वाकलेली. ऑटोवाल्याने तिचा ज्वारीचा डबा दारात ठेवला आणि निघून गेला. पंधरा-सोळा किलो तरी असेल. ती उंबऱ्यावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या गिरणीची ख्याती तिच्या गावापर्यंत गेली असणार.

"घे न वो माय. माही बस हाय चारची."

मी म्हटलं, "आजी, मले उचलता येत नाही. थांबा जराशा, कोनी येईन."

तिने मला खालून वर पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली, दंड हे एवढे. "येवढी धडधाकट अन् उचलता येत नाही?"

"कानाचं ऑपरेशन झालं."

"कानाने उचलते का डबा?"

आम्ही दोघी वाट बघत बसलो. नवऱ्याला फोन केला, तो शेलूबाजारला माल टाकायला गेलेला. सासूबाई आत झोपलेल्या, आणि जाग्या असत्या तरी काय उचलणार? समोरचं दुकान बंद. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी चार वेळा रस्त्यात जाऊन आले. म्हातारीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, उठली, पदर कमरेला गुंडाळला आणि वाकून डब्याच्या दोन्ही कडांना हात घातला. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. डबा बोटभर उचलला गेला आणि खाली आपटला.

मी धावले. माझेही हात डब्याला लागले. श्वास कोंडला गेला, ते मला कळलं, छातीत कळलं. आता सहज जाईल वर, एकदाच, असं वाटलं. एवढी म्हातारी बाई माझ्या दारात वाकते आहे आणि मी बघत उभी! कान तर गेलाच आहे. मग लगेच जमीन कललेली आठवली, काकींची मांडी आठवली. मी श्वास सोडला, पण हात काढवेनात. आम्ही दोघी डब्याच्या दोन बाजूंना वाकून तशाच राहिलो.

म्हातारीने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं तिला कोण जाणे. तिने माझे हात डब्यावरून एकेक करून काढले.

"तांब्या आन," ती म्हणाली.

"पाणी पाहिजे?"

"पानी कायले? तांब्या आन रिकामा."

मी आतून तांब्या आणला. तिने झाकण काढलं, तांब्या ज्वारीत बुडवला, भरला आणि माझ्या हातात दिला. "टाक."

मी तांब्या वर नेऊन पेटीत रिकामा केला. किलोभर ज्वारी. काही झालं नाही. तिने दुसरा भरून दिला. मी मोटर सुरू केली. तिसरा, चौथा. दळण चालू झालं, ज्वारीचं ऊन पीठ खाली पडायला लागलं, आणि तिची चारची बस चुकली.

"आमी जात्यावर मूठ-मूठच टाकत होतो," ती तांब्या भरत म्हणाली. "आख्खं पोतं दळून होये. डबा कोन उचलत होतं वो?"

ती माझ्या डाव्या बाजूला होती, म्हणून मला सगळं नीट ऐकू आलं. माझे डोळे भरले, आणि ते काही तिच्या मायेने नाही. मला माझाच राग आला होता. बावीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात तांब्या होता.